लाकडी अर्कशिल्पाचे रेखन

माणसाच्या चेहऱ्यातले, बांध्यातले किंवा उभे राहण्याच्या ढबीतले एखादे वैशिष्ट्य मुद्दाम वाढवून कोरलेली लाकडी मूर्ती म्हणजे लाकडी अर्कशिल्प. कागदावरच्या अर्कचित्राचे ते सख्खे भावंड. युरोपीय भाषांमधला ‘कॅरिकेचर’ हा शब्द ‘कारिकारे’ या इटालियन क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ भरणे, ओझे लादणे. मराठीने ‘अर्क’ हा शब्द घेतला, म्हणजे बाकीचे आटवून उरलेले सार. लाकडाच्या बाबतीत मराठी शब्दच अधिक नेमका आहे, कारण लाकडावर काही लादता येत नाही. चित्रकाराला नाक लहान वाटले तर तो आणखी एक रेघ ओढतो. कोरणाऱ्याला मात्र ते नाक ठोकळ्यात पहिल्यापासून राखून ठेवावे लागते आणि भोवतालचे गाल, कपाळ, ओठ खाली न्यावे लागतात. त्यामुळे काय वाढवायचे याचा निर्णय सुरी लावण्यापूर्वीच व्हावा लागतो.

अर्कचित्र त्रिमितीत आणण्याचा एक गाजलेला प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. अर्कचित्रकार ओनोरे दोमिए याने १८३२ पासून पुढच्या काही वर्षांत तिथल्या राजकारण्यांची छोटी डोकी कच्च्या मातीत घडवून रंगवली; त्यांतली ३६ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. लाकडातल्या परंपरेचा मोठा मानकरी मात्र स्वीडनचा आक्सेल पेटरसन (१८६८–१९२५). ऑस्कर्सहाम्न शहराजवळच्या डोडरहुल्ट परिसरात जन्मल्यामुळे तो ‘डोडरहुल्टार्न’ या नावानेच ओळखला जातो. लग्न, अंत्ययात्रा, लष्करभरतीची तपासणी असे आपल्या भागातले प्रसंग त्याने प्रामुख्याने आल्डर या युरोपीय झाडाच्या लाकडात कोरले. १९०९ मध्ये स्टॉकहोमच्या प्रदर्शनात त्याचे काम गाजले. सुरीचे सपाट काप त्याने घासून गुळगुळीत केले नाहीत. शेतकऱ्याचा वाकलेला पाठकणा दोनचार रुंद कापांत उभा राहतो आणि तेवढ्यात त्याचे आयुष्यभराचे कष्ट दिसतात. अशा सपाट कापांच्या शैलीने पुढे अमेरिकेतल्या, विशेषतः स्कँडिनेव्हियातून तिकडे गेलेल्या कुटुंबांतल्या कोरीवकारांना वाट दाखवली. अमेरिकेत काउबॉय, शेतकरी, मच्छीमार अशा पात्रांची स्वतंत्र परंपरा रुजली आणि १९९० मध्ये ‘कॅरिकेचर कार्व्हर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन झाली.

रेखनाची, म्हणजे मूर्तीच्या आराखड्याची, सुरुवात नाकाडोळ्यांपासून करू नये. आधी पात्र एका वाक्यात सांगता आले पाहिजे: ‘पावसात बस चुकलेला कारकून’. हे वाक्य ठरले की खांदे कुठे पडतील, छत्री कोणत्या हातात असेल, मान कुठे वळेल हे त्यातूनच निघते. मग वाढवण्यासाठी एखादीच गोष्ट निवडायची, फार तर दोन. नाक, कान, हनुवटी, पोट आणि पाय हे सगळेच मोठे केले तर मूर्ती फक्त मोठी होते, कारण तुलनेला काही उरत नाही. लांब नाक लांब दिसण्यासाठी शेजारी आखूड वरचा ओठ हवा. अवाढव्य पोट पेलायला बारीक पाय हवेत. विद्रूपता आणि अर्क यांच्यातली सीमाही इथेच ठरते. ज्याला आपण नीट पाहिलेले नाही त्याच्यातले आपण फक्त व्यंग वाढवतो. ज्याला पाहिले आहे त्याची सवय वाढवतो.

प्रमाणासाठी डोक्याची उंची हे माप वापरतात. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरली जाते. अर्कशिल्पात ती बहुधा पाचाच्या आसपास आणतात. यामागे विनोदाइतकाच व्यवहारही आहे. २५ सेंमी उंचीच्या मूर्तीत साडेसातच्या हिशेबाने डोके जेमतेम ३.३ सेंमी होते, पाचच्या हिशेबाने ५ सेंमी. पापण्या आणि सुरकुत्या कोरायला सुरीला तेवढी जागा मिळते. हात आणि पायही मोठे ठेवतात: हाव, संकोच, थकवा हे हातांत पटकन वाचता येते आणि मोठी पावले मूर्तीला स्थिर उभी ठेवतात. चेहऱ्याचे केसांपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे तीन सारखे भाग मानले जातात. ही समानता मोडणे हाच चेहऱ्याच्या अर्काचा सोपा मार्ग. मधला भाग ताणला की माणूस उदास किंवा गंभीर वाटू लागतो. खालचा ताणला की हट्टी.

ढब ठरवताना डोक्यापासून टाचेपर्यंत एकच वाकडी रेघ काढून पाहावी. ती रेघ ताठ असेल तर मूर्ती खांबासारखी होणार. एका पायावर भार टाकलेल्या माणसाची त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पावलाजवळ पडला पाहिजे. नाहीतर कितीही सुंदर कोरली तरी मूर्ती पडतेय असे वाटत राहते. स्वतः आरशासमोर तसे उभे राहून पाहणे यासारखा दुसरा उपाय नाही. ओव्हरकोट किंवा लुगडे रेखाटायचे असले तरी आत शरीर आखावेच. चुण्या कोपर, गुडघा, काख अशा ताणाच्या जागांपासून निघतात. त्या जागा चुकल्या तर कापड लाकडीच राहते.

यानंतर समोरून आणि कडेने अशा दोन आकृत्या एकाच मापात काढतात. भुवई, कोपर, गुडघा यांची उंची दोन्हींत जुळलीच पाहिजे. तारेच्या सांगाड्यावर न वाळणाऱ्या मातीचा नमुना करणे वेळखाऊ असले तरी टाळू नये, कारण कागदावर न दिसलेली चूक मातीत दिसते आणि तिथे ती भरूनही काढता येते. ठोकळ्याच्या लगतच्या दोन बाजूंवर आकृत्या उतरवून बँडसॉवर, म्हणजे पट्टीच्या यांत्रिक करवतीवर, आधी एक बाजू कापतात, सुटलेले तुकडे चिकटपट्टीने जागच्या जागी बसवतात आणि मग दुसरी कापतात. तुकडे परत लावले नाहीत तर दुसरी आकृती त्यांच्यासोबत निघून जाते आणि ठोकळा डुगडुगतो. कडेच्या आकृतीत दोन्ही हातांचे सर्वांत पुढे आलेले टोक धरायचे, हे नवशिका हमखास विसरतो.

लाकडाच्या तंतूंची दिशा ही आराखड्यातली न दिसणारी रेघ आहे. तंतू पायांच्या लांबीने गेले की पाय टिकतात. पण मग आडवा पसरलेला हात, बोट किंवा टोपीची कड सहज तुटते. अशा वेळी हात वेगळ्या तुकड्यातून, तंतू हाताच्या लांबीने ठेवून कोरतात आणि बाहीच्या कडेशी सांधा लपवतात. डोकेही पुष्कळदा वेगळे करून मानेच्या खुंटीने खळग्यात बसवतात. त्यामुळे हनुवटीखाली सुरी पोहोचते आणि मान किती वळवायची हे शेवटपर्यंत हातात राहते. काही अंशांचे ते वळण सगळा भाव बदलते.

चेहरा ठोकळ्याच्या सपाट बाजूवर आखण्याऐवजी कोपऱ्यावर आखावा. नाक कोपऱ्याच्या धारेवर आले की गाल आपोआप मागे सरकतात. सपाट बाजूवर सुरू केलेले चेहरे कोरून कोरूनही थाळीसारखे राहतात आणि डोळ्यांचे बाहेरचे कोपरे पुरेसे मागे जात नाहीत.

अमेरिकेत या कामासाठी मऊ, एकसारख्या पोताचे बासवुड वापरतात. युरोपातले लिंडन त्याच कुळातले. महाराष्ट्रात हे काम करू पाहणाऱ्याने सागाने सुरुवात करू नये, कारण त्यातली सिलिका हत्यारांची धार लवकर मारते. हलके आणि सहज कापले जाणारे शिवणीचे लाकूड त्यापेक्षा बरे. रंग पातळ लावावा, म्हणजे सुरीचे काप खालून दिसत राहतात. उकळलेले जवसाचे तेल वापरल्यास त्याची फडकी पसरून वाळवावीत. चुरगाळून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

अनेक मूर्तींचा प्रसंग करायचा असेल तर प्रत्येकीच्या तळाचा आकार कागदात कापून ते कागद आधी फळीवर मांडतात आणि कोण कुणाकडे पाहतो याच्या रेघा आखतात. प्रत्येक मान किती वळवायची आणि कोणाची पाठ आपल्याकडे ठेवायची हे त्या रेघांवरून ठरते. पहिला ठोकळा त्यानंतर कापला जातो.