आर्टेसुनेट आणि कर्क्युमिन: दोन्ही वनस्पतीतलीच, पण एका पंगतीतली नाहीत

मलेरिया मेंदूवर गेला, हाक मारूनही रुग्ण डोळे उघडेना, की नातेवाइकांपैकी कुणीतरी विचारतंच, ‘हळदीतलं कर्क्युमिन दिलं तर? मलेरियाचं आर्टेसुनेट इंजेक्शनही झाडपाल्यातूनच आलंय ना?’ इंजेक्शनचं खरं आहे. पण तेवढ्यावर कर्क्युमिन त्याच्या शेजारी बसत नाही.

आर्टेसुनेटचं मूळ आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीत. (जोतिबाला वाहतात तो दवणा तिच्याच गोतातला, पण हे औषध दवण्यातून काढत नाहीत.) चीनमध्ये मलेरियावर औषध शोधायला १९६७ साली सुरू झालेल्या ‘प्रकल्प ५२३’त शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला तिच्या अर्काचा गुण कधी यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँग या चिनी वैद्याच्या ग्रंथात मात्र ती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. मग तू यूयू यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१मध्ये हवा तो अर्क हाती आला. त्यातलं आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून त्यात रासायनिक बदल करून आर्टेसुनेट बनवतात. वॉर्डात त्याची पूड आधी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावात विरघळवून, मग पातळ करून लगेच टोचतात. किलोमागे २.४ मिलिग्रॅम, २० किलोखालच्या मुलांना ३. पहिला डोस, मग १२ आणि २४ तासांनी.

फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकाराचा परजीवी तांबड्या पेशीत वाढला की ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते आणि मेंदू, मूत्रपिंड यांचा रक्तपुरवठा अडतो. आर्टेसुनेट परजीवीला कोवळ्या अवस्थेतच, म्हणजे पेशी चिकटण्याआधी मारतं. क्विनीन हे मलेरियाचं जुनं औषध (तेही सिंकोना झाडाच्या सालीतलं) मुख्यतः वाढलेल्या परजीवीवर चालतं. हा फरक मृत्यूंत दिसला. २००५च्या आशियातल्या चाचणीत, जिच्यात आपलं राउरकेलाही होतं, १,४६१ रुग्ण होते. क्विनीनवर २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटवर १५ टक्के. २०१०मध्ये आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांत हेच आकडे १०.९ आणि ८.५.

कर्क्युमिनकडून अपेक्षा वेगळी आहे. शरीराचा स्वतःचाच दाह आवरावा, मेंदूच्या रक्तवाहिन्या सांभाळाव्यात, म्हणजे मुख्य औषधाला जोड मिळावी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उंदरांवर यावर चांगलं काम झालंय, आर्टेमिसिनिनच्या कुळातल्या औषधांसोबतही. पण उंदराच्या मेंदूत मुख्यतः पांढऱ्या पेशी साचतात, माणसात परजीवी असलेल्या तांबड्या पेशी अडकतात. शिवाय कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं. हळदीत मुळात ते काही टक्केच, तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्याचा तर प्रश्नच नाही.

जोडऔषधांचा इतिहासही फारसा उत्साह वाढवणारा नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मेंदूची सूज उतरेल असा तर्क होता. १९८२च्या थायलंडमधल्या चाचणीत रुग्ण उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले. झटके टाळायला केनियातल्या मुलांना फेनोबार्बिटल दिलं. झटके घटले, मृत्यू दुपटीहून वाढले. तेव्हा कागदावर पटणारं जोडऔषध माणसांत जीव वाचवताना दिसेपर्यंत मी तरी ते शक्यतांच्या रकान्यातच ठेवीन.

खरा आधार देतात त्या गोष्टी साध्याच: साखर उतरली तर ग्लुकोज, गरज पडली तर रक्त, मूत्रपिंड थांबलं तर डायलिसिस, सलाईन हात राखून. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काढा ओतू नये, तो फुप्फुसात जाऊ शकतो. मोठा दवाखाना लांब असेल तर स्नायूत आर्टेसुनेटचा एक डोस टोचून रुग्णाला पुढे पाठवतात. इंजेक्शनची सोयच नसेल तर ६ वर्षांखालच्या मुलांना तेच औषध गुदद्वारातून देतात आणि गाडी लगेच काढतात.