हरलेल्याच्या पाठिंब्याचं वजन

१४ ऑगस्ट १९८०. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन संपत आलं होतं. उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण करून राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर मंचावर उभे होते, पक्षातली सगळी बडी मंडळी भोवती जमली होती आणि सगळे एकाच माणसाची वाट बघत होते. तो माणूस म्हणजे सिनेटर टेड केनेडी. नऊ महिने कार्टरशी उमेदवारीसाठी झुंजून ते हरले होते. केनेडी आले, पण उशिरा. हस्तांदोलन केलं, आजूबाजूच्यांशीही केलं. मात्र जिंकलेल्याने आणि हरलेल्याने एकमेकांचा हात धरून उंचवायचा, हा अशा रात्रीचा ठरलेला फोटो काही निघाला नाही. कार्टर त्यांच्याभोवती घुटमळताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले.

पावणेतीन महिन्यांनी कार्टर ४४ राज्यांत हरले.

केनेडींनी हात उंचावला असता तर? हा प्रश्न चाळीस वर्षांहून अधिक काळ चघळला जातोय. त्यामागे एक मोठा प्रश्न आहे. पक्षांतर्गत निवडणुकीत हरलेल्याने जिंकलेल्याच्या मागे उभं राहावं का, आणि राहिलं तर त्याने मतं हलतात का? पहिला भाग नीतीचा, दुसरा मोजणीचा. चर्चेत लोक पहिल्यावरच तुटून पडतात. दुसऱ्याचं उत्तर माहीत नसताना पहिल्यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही, म्हणून आधी मोजणी.

आपल्याकडच्या नाराजांपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. ज्याला मिळत नाही त्याला ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणून अपक्ष अर्ज भरायला मोकळीक असते, आणि माघारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याची मनधरणी चालते. अमेरिकेत प्रायमरी, म्हणजे पक्षाची प्राथमिक निवडणूक, मतदारच ठरवतात. तिथे हरलेल्याला श्रेष्ठींच्या नावाने खडे फोडता येत नाहीत. शिवाय बहुतेक राज्यांत असे कायदे आहेत की प्रायमरीत हरलेल्याला त्याच पदासाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या मार्गाने नाव छापून आणता येत नाही. कनेटिकटमध्ये तशी आडकाठी नव्हती, म्हणून २००६ साली सिनेटर जो लिबरमन प्रायमरी हरूनही अपक्ष उभे राहिले आणि स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराला पाडून निवडून आले. पण हे अपवाद.

१९८०ची निवडणूक अभ्यासकाला पर्वणीच वाटावी अशी आहे, कारण हरलेल्यांचे तिन्ही नमुने एकाच वर्षी सापडतात. केनेडींनी पाठिंबा दिला, पण ओठातून. रिपब्लिकन बाजूला जॉर्ज बुश (थोरले) यांनी एप्रिलमध्ये रोनाल्ड रेगन यांच्या आर्थिक धोरणाला जादूटोण्याचं अर्थशास्त्र म्हणून हिणवलं होतं. हरल्यावर जुलैत तेच बुश रेगन यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि ती टीका गिळून टाकली. तिसरे जॉन अँडरसन. रिपब्लिकन प्रायमरीत डाळ शिजेना म्हणून ते बाहेर पडले, अपक्ष लढले आणि ६.६ टक्के मतं घेऊन गेले. ज्या पक्षातला एक पराभूत उमेदवार थेट फुटून निघाला, तो पक्ष दणदणीत जिंकला. ज्या पक्षातल्याने निदान हस्तांदोलन तरी केलं, तो हरला.

म्हणजे एकीचा विजयाशी संबंध नाही, असं म्हणायचं का? तसं नाही. इथे खरी गोम वेगळी आहे. केनेडी उभे का राहिले? कार्टर दुबळे दिसत होते म्हणून. महागाई वर्षाला १३ टक्क्यांच्या पुढे गेली होती. तेहरानमध्ये अमेरिकी नागरिक ओलीस होते आणि ती कोंडी मतदानाच्या दिवशी बरोबर एक वर्षाची झाली. बलवान राष्ट्राध्यक्षाला पक्षातून कोणी आव्हान देत नाही. तेव्हा फुटीमुळे पराभव झाला, की पराभव आधीच दिसत असल्यामुळे फूट पडली? ताप आलेल्या माणसाच्या उशाशी डॉक्टर दिसतो, म्हणून डॉक्टरमुळे ताप आला असं आपण म्हणत नाही.

राज्यशास्त्रज्ञ या गाठीशी बराच काळ झगडले. अँड्र्यू हॅकर यांनी १९६५ साली गव्हर्नर आणि सिनेटच्या निवडणुका तपासल्या. चुरशीच्या प्रायमरीमुळे उमेदवाराचं फारसं बिघडतं असं त्यांना आढळलं नाही. १९८७ साली पॅट्रिक केनी आणि टॉम राइस यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुका घेतल्या आणि उलट निष्कर्ष काढला: फूट महागात पडते. १९९८ साली लोना अॅटकिसन यांनी तोच हिशेब नव्याने मांडला. विद्यमान राष्ट्राध्यक्षाची लोकप्रियता, देशाची आर्थिक स्थिती हे घटक समीकरणात घातले, तर फुटीचा परिणाम जवळजवळ विरून गेला. कार्टर यांना पाडलं ते मुख्यतः महागाईने आणि ओलीस प्रकरणाने, न उंचावलेल्या हाताने नव्हे, असा याचा रोख.

इथे प्रकरण मिटलं असतं, पण २०२० साली अलेक्झांडर फुइर्नाइस आणि अँड्र्यू हॉल यांनी एक नामी युक्ती लढवली. अमेरिकेच्या काही राज्यांत, विशेषतः दक्षिणेत, प्रायमरीत पहिल्या आलेल्याला ठरावीक मतं, बहुधा निम्म्याहून जास्त, मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. आता एका मतदारसंघात पहिल्याला ५०.४ टक्के पडले आणि दुसऱ्यात ४९.६, तर दोन्ही मतदारसंघ तसे सारखेच. उमेदवाराची ताकद सारखी, पक्षाची अवस्था सारखी. फरक निव्वळ नशिबाचा. तरीही एकीकडे भांडण तिथेच थांबतं आणि दुसरीकडे आणखी काही आठवडे एकमेकांची धुणी धुतली जातात. अशा काठावरच्या लढतींची तुलना केली की दुबळेपणा आणि फूट वेगळी काढता येते. अमेरिकी संसदेच्या निवडणुकांत लांबलेल्या भांडणाची किंमत सरासरी ६ ते ९ टक्क्यांच्या घरात निघाली. राज्यांच्या विधिमंडळांत मात्र असं नुकसान दिसलं नाही. चुरशीच्या जागी थोडा फायदाच. कारण उघड आहे. जिथे उमेदवाराचं नावच कोणाला माहीत नसतं, तिथे भांडणानेही प्रसिद्धी होते. जिथे सगळे बघत असतात, तिथे लक्तरं वेशीवर टांगली जातात.

म्हणजे भांडण लांबण्याने नुकसान होतं. लक्षात घ्या, हे मोजमाप भांडणाच्या लांबीचं आहे, समेटाच्या फोटोचं नाही.

आता मतदारांकडे येऊ. नेता हरला की त्याचे मतदार काय करतात? बहुतेक सगळे घरी परततात. २००८ साली हिलरी क्लिंटन यांचे काही समर्थक इतके चिडले होते की बराक ओबामांना मत देणार नाही म्हणून त्यांनी चळवळच उभारली. क्लिंटन यांनी मात्र पाठिंब्यात कसूर ठेवली नाही. शेवटच्या प्रायमरीनंतर चार दिवसांत, ७ जूनला, त्यांनी ओबामांना पाठिंबा जाहीर केला. २७ जूनला दोघं न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावी एकत्र आले. प्रायमरीत त्या गावात दोघांना प्रत्येकी १०७ मतं पडली होती. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात मतमोजणी मध्येच थांबवून ओबामांची एकमताने निवड करावी, असा ठराव मांडायला उभ्या राहिल्या त्या क्लिंटनच. पाठिंबा यापेक्षा निःसंदिग्ध असूच शकत नाही. तरीही त्यांच्या प्रायमरीतल्या मतदारांपैकी लक्षणीय हिस्सा रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्याकडे गेला. एका मोठ्या सर्वेक्षणात तो चौथ्या भागाच्या आसपास निघाला. आणि ओबामा सात टक्क्यांच्या फरकाने जिंकले.

२०१६ साली क्लिंटन यांच्याकडून प्रायमरी हरलेल्या बर्नी सँडर्स यांच्या मतदारांपैकी एका मोठ्या सर्वेक्षणाप्रमाणे सुमारे १२ टक्के डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेले. प्रमाण आधीच्या निम्मं. पण मिशिगन १०,७०४ मतांनी गेलं आणि विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी, म्हणून सगळं खापर सँडर्स यांच्यावर फुटलं. मला हे अन्यायाचं वाटतं. काठावरच्या निकालात कोणताही घटक निर्णायक ठरतो, पावसापासून पत्रांपर्यंत. त्यातला एक उचलून गुन्हेगार ठरवणं ही सोय आहे, शास्त्र नव्हे.

हे न परतणारे कोण होते? मायकेल हेंडरसन, सनशाइन हिलिगस आणि ट्रेव्हर टॉम्पसन यांनी २००८ साली तेच तेच मतदार पुन्हा पुन्हा गाठून हा प्रश्न तपासला. रुसून बसलेले असतील, अशी सर्वसाधारण समजूत. आढळलं असं की रुसव्यापेक्षा मुद्दे जास्त बोलत होते, इराक युद्धासारखे. मॅकेन यांच्याकडे गेलेले आधीपासूनच त्यांच्या जवळचे होते. २०१६ साली ट्रम्प यांच्याकडे वळलेल्या सँडर्स समर्थकांतही ओबामांच्या कारभारावर नाखूश असलेल्यांचा भरणा मोठा होता. ते पक्षाच्या उंबरठ्यावर एक पाय बाहेर टाकूनच उभे होते. त्यांना आत ओढून घेणं नेत्याच्या एका भाषणाच्या आवाक्यातलं काम नव्हतं. २५ जुलै २०१६ रोजी फिलाडेल्फियात सँडर्स यांनी स्वतःच्या प्रतिनिधींना क्लिंटन यांना निवडून द्या असं सांगितलं, तेव्हा त्यांच्याच माणसांनी त्यांची हुर्यो उडवली.

पाठिंब्यात माहिती किती असते, याबद्दल रँडल कॅल्व्हर्ट यांनी १९८५ साली एक सुंदर गोष्ट गणिताने दाखवली होती. एकीकडे झुकलेला सल्लागार त्याच्या कलाविरुद्ध बोलतो, तेव्हाच त्याचं बोलणं सर्वांत उपयोगी असतं. ही मोजपट्टी पराभूत उमेदवाराला लावून बघा. पक्षातला माणूस पक्षाच्याच उमेदवाराला पाठिंबा देणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे तो दिल्याने नवीन काहीच कळत नाही. न दिल्याने मात्र कळतं. २०१६ साली क्लीव्हलंडच्या रिपब्लिकन अधिवेशनात प्रायमरी हरलेल्या टेड क्रूझ यांनी ट्रम्प यांना पाठिंबा न देता ‘सदसद्विवेकाला स्मरून मत द्या’ एवढंच सांगितलं आणि सभागृह खवळलं. क्रूझ यांनी सरळ पाठिंबा दिला असता तर ते भाषण आज कोणाला आठवलं नसतं. केनेडींचंही तेच. उंचावलेला हात विसरला गेला असता.

मग हरलेल्याकडे देण्यासारखं असतं तरी काय? वेळ आणि माणसं. २ मार्च २०२०ला पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी डॅलसमध्ये जो बायडेन यांना पाठिंबा दिला, तेव्हा चौदा राज्यांतलं मतदान दुसऱ्या दिवसावर आलं होतं. अजून न संपलेल्या प्रायमरीत दिलेल्या त्या पाठिंब्याने मैदानच बदललं. तोच एप्रिलअखेर आला असता तर उपचार ठरला असता. माणसांबद्दल वॉल्टर स्टोन, अॅटकिसन आणि रोनाल्ड रॅपपोर्ट यांनी १९९२ साली दाखवलं की प्रायमरीत हरलेल्या उमेदवारासाठी राबलेले कार्यकर्ते नोव्हेंबरात घरी बसत नाहीत, उलट न राबलेल्यांपेक्षा जास्त काम करतात. एकदा दारोदार फिरायची सवय लागली की सुटत नाही. ही फौज पुढच्या उमेदवाराकडे नीट सोपवणं, हे भाषणापेक्षा मोलाचं काम आहे.

माझं मत विचाराल तर पाठिंबा द्यावा, पण फुकट देऊ नये. सँडर्स यांनी शेवटच्या प्रायमरीनंतर चार आठवडे पाठिंबा रोखून धरला, त्याबद्दल त्यांना आडमुठे म्हटलं गेलं. त्या चार आठवड्यांत पक्षाच्या जाहीरनाम्यात तासाला १५ डॉलर किमान वेतनाची मागणी आली आणि वर्षाला सव्वा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना सरकारी महाविद्यालयांत शिक्षणशुल्क माफ करण्याची योजना क्लिंटन यांनी स्वतः जाहीर केली. मतदारांनी ज्या मुद्द्यांसाठी मत दिलं ते मुद्दे काही प्रमाणात पदरात पाडून घेणं, याला मी गद्दारी म्हणणार नाही. आणि जिंकलेला उमेदवार खरोखर त्या पदाला घातक वाटत असेल, तर गप्प बसावं किंवा उघड विरोध करावा. त्याआधी घेतलेल्या शपथांना काही अर्थ नसतो. सप्टेंबर २०१५ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांकडून पक्षाने, जो जिंकेल त्याला पाठिंबा देऊ, असं लेखी वचन घेतलं होतं. मार्चअखेर मैदानात उरलेल्या तिघांनीही त्यावरून अंग काढून घेतलं. फ्रान्समध्ये मॅन्युएल व्हॅल्स यांनी समाजवादी पक्षाची प्रायमरी लढताना तसंच वचन दिलं होतं. २०१७ साली ते हरले आणि त्यांनी दुसऱ्याच पक्षाच्या इमॅन्युएल मॅक्राँ यांना मत देणार असल्याचं सांगून टाकलं.

स्वतःच्या भवितव्याचा हिशेब धरला तर पक्षात राहणाऱ्याचं सहसा बरं होतं. १९६४ साली रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर हरणार हे दिसत असूनही रिचर्ड निक्सन त्यांच्यासाठी देशभर हिंडले. नेल्सन रॉकफेलर दूर राहिले. १९६८ साली दोघांनाही उमेदवारी हवी होती. कार्यकर्त्यांनी कोणाला दिली ते जगाला ठाऊक आहे. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. पक्ष सोडला नाही. २०२० साली राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ साली अमेरिकी संसदेत पोहोचले.

एका राज्यात मात्र हा प्रश्न नेत्याच्या हातून काढून मतदाराच्या हाती दिला गेला आहे. अलास्कात मतदार पसंतीक्रम लिहितात. आपला उमेदवार बाद झाला की मत आपोआप दुसऱ्या पसंतीकडे जातं. ऑगस्ट २०२२च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन निक बेगिच बाद झाले, तेव्हा त्यांच्या मतांपैकी जेमतेम निम्मी पक्षाच्याच सारा पेलिन यांच्याकडे गेली. जवळपास २९ टक्के डेमोक्रॅट मेरी पेल्टोला यांच्याकडे वळली आणि उरलेल्यांनी दुसरी पसंती दिलीच नव्हती. पेल्टोला जिंकल्या. त्यानंतर रिपब्लिकन पक्षाने आपल्या दोन्ही उमेदवारांना क्रम द्या म्हणून जोरदार प्रचार केला. नोव्हेंबरात बेगिच यांच्या मतांपैकी दोन-तृतीयांश पेलिन यांना मिळाली. पेलिन तरीही हरल्या.