पावलांना सूर देणारा देखावा
बेळगावच्या गणेशोत्सवातील हलते देखावे पाहण्यासाठी रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. मोटर आणि गिअरच्या जोरावर मूर्ती ठरलेल्या क्षणी हात उचलते, ध्वनिमुद्रित निवेदन सुरू होते. समोर कोण उभे आहे, याच्याशी त्या यंत्रणेला काही देणेघेणे नसते. प्रेक्षकाच्या हालचालीनुसार सूर आणि प्रकाश बदलणारा देखावा उभारणे आता मंडळांच्या आवाक्यात आले आहे, मात्र त्यातले खरे अवघड काम विलंब आवरण्याचे आहे.

कल्पना जुनीच आहे. रशियन शास्त्रज्ञ लिओन थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास स्पर्शाविना, केवळ हात जवळ-दूर नेऊन वाजणारे वाद्य बनवले आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी नर्तकांच्या हालचालींनी ध्वनी बदलण्यासाठी अँटेना व प्रकाशसंवेदक वापरले.

आज यासाठी स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर पुरतो. तो ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. दोन मीटरवरील माणसापर्यंत जाऊन यायला ध्वनीला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. तरीही आधीचे प्रतिध्वनी विरावेत म्हणून दोन मोजण्यांत साधारण ६० मिलिसेकंदांचे अंतर ठेवतात. लोकरीचे स्वेटर ध्वनी शोषतात, तर ओल्या छत्रीचा उतार तो भलतीकडेच परावर्तित करतो, त्यामुळे भाद्रपदातल्या पावसात एखादी मोजणी हमखास चुकते. दहा मोजण्यांची सरासरी घ्यावी, तर त्या जमायलाच ६०० मिलिसेकंद जातात. साधारण दशांश सेकंदापर्यंतचा प्रतिसाद माणसाला तत्काळ वाटतो. त्याहून बराच उशीर झाला, की सूर आपल्याच पावलाने उमटला हे त्याला जाणवत नाही. म्हणून शेवटच्या तीन मोजण्या चढत्या क्रमाने लावून मधली घेणे चांगले: एखादी वेडीवाकडी मोजणी आपोआप बाद होते आणि विलंब जेमतेम एका मोजणीइतकाच वाढतो.

अंतराचे थेट कंप्रतेत, म्हणजे सुराच्या उंचीत, रूपांतर केल्यास भोंग्यासारखा घसरता आवाज येतो, आणि कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या मुलखात आहे, तिथल्या श्रोत्यांना तो रुचणार नाही. त्याऐवजी समोरच्या एकूण चार मीटर अंतराचे पाच पट्टे करून त्यांना भूप रागाचे स्वर द्यावेत. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर रिषभ २७०, गंधार ३००, पंचम ३६० आणि धैवत ४०० हर्ट्झवर येतो. कोणी कसेही चालले, तरी रागाबाहेरचा स्वर लागत नाही. पट्ट्याच्या सीमेवर थबकलेल्या माणसामुळे मात्र दोन स्वर थरथरू लागतात. त्यासाठी पुढच्या पट्ट्यात गेल्याचे सीमेपलीकडे दहा सेंटिमीटरवर आणि मागे आल्याचे अलीकडे दहा सेंटिमीटरवर धरावे.

प्रकाशाचे गणित डोळ्यांच्या स्वभावावर ठरते. एलईडीला ० (बंद) ते २५५ (पूर्ण उजेड) मधली १२८ ही पातळी दिली, तर उजेड निम्म्याहून बराच अधिक भासतो. निम्मा भासण्यासाठी ५५ च्या आसपासची पातळी लागते. ही दुरुस्ती न करणाऱ्या देखाव्यात पहिल्या दोन पावलांतच उजेडातला बहुतेक बदल उरकतो आणि पुढे चालणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही.

गर्दीचा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटत नाही, कारण असा सेन्सर सहसा सर्वांत जवळचा प्रतिध्वनीच टिपतो. तिथे कार्यकर्त्यांनी दोरी बांधून एका वेळी एकालाच आत सोडावे, किंवा प्रत्येक पट्ट्याच्या वर छताला स्वतंत्र सेन्सर लावावा. दुसऱ्या उपायात खर्च वाढतो, पण दोघे मिळून दोन स्वर एकदम वाजवू शकतात.