‘सिस्टर, कार्डावर होईल ना?’ रक्ताच्या कॅन्सरचा रुग्ण दाखल झाल्यावर करायची कागदपत्रं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा रुग्ण वॉर्डात आला की घरचे आधी हाच प्रश्न विचारतात. रेशनकार्डावर सरकारी योजनेतून उपचार होतात, पण कागद पहिल्याच दिवशी मागावे लागतात. ते काम आपण नर्सनी अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण दिवसरात्र रुग्णाजवळ आपणच असतो.

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत मिळतात. एपीएल (दारिद्र्यरेषेवरच्या) कुटुंबाला सरकार पॅकेजच्या 30 टक्केच देतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बाकीचे पैसे घरच्यांना भरावे लागतात, हे त्यांना दाखल करतानाच सांगा.

कागद तीन: रेशनकार्ड, आधार आणि तालुका रुग्णालय किंवा बिम्ससारख्या (बेळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र. तातडीच्या उपचाराला रेफरलची अट नसते. उपचाराआधी योजनेकडून घ्यायच्या पूर्वपरवानगीचा अर्ज आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणारे कर्मचारी, भरतात.

खरी अडचण नावाची. एका मावशींचं नाव लग्नाला वीस वर्षं झाली तरी माहेरच्याच कार्डावर होतं. कार्ड कन्नडमध्ये, मुलगा मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून कार्ड हातात घेऊन, कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याकडून प्रत्येक नाव आधारशी ताडून घ्या.

अर्जासोबत निदानाचा पुरावा लागतो. ल्युकेमियाला (रक्तपेशींचा कॅन्सर) सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी, बोन मॅरो (अस्थिमज्जा) आणि पेशींचा प्रकार ओळखणारी फ्लो सायटोमेट्री. सीएमएलला (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) बीसीआर-एबीएल या जनुकीय बदलाचा रिपोर्ट. लिम्फोमाला (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) गाठीची बायोप्सी आणि त्याच तुकड्यावरची आयएचसी ही रंगचाचणी. मायलोमाला (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) बोन मॅरोबरोबर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची तपासणी. नमुन्याच्या चिठ्ठीवरही आधारवरचंच नाव लिहा.

फाइलवर ‘एपीएल’ असं नुसतं कधीच लिहू नका. ते रेशनकार्डही असू शकतं आणि अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाही. या ल्युकेमियात रक्तस्राव काही तासांत जिवावर बेततो, म्हणून नुसता संशय आला तरी जनुकीय रिपोर्टची वाट न बघता एट्रा हे औषध सुरू करतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग दिसले की आधी डॉक्टरांना फोन करा, आरोग्यमित्रांकडे मग जा.

कोल्हापूर-मुंबईकडे जाणारे विचारतात, आमचं कार्ड तिकडे चालेल का? महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना (महाराष्ट्राची मोफत उपचारांची योजना) लागू करायचं ठरवलं. आपलं गाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतील, हे निघण्याआधी तिथल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना फोनवर विचारायला सांगा.

रेल्वेने जाणार असतील तर कॅन्सर सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह हातात द्या. स्लीपरला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं, सोबत्याला 75 टक्के सूट मिळते. हे तिकीट काउंटरवरच काढायचं.