जुनी मोटर भंगारात देण्याआधी हे वाचा

(दालमिल, जिनिंग, ऑइल मिल आणि केळी-मिरची प्रक्रिया करणाऱ्या, आमच्या मोटर-सोलरच्या दुकानातल्या ग्राहकांसाठी)

आधी रोजचा प्रश्न उरकून घेतो. "सोलरचे ते ७८ हजार आम्हाला मिळतील का?" कारखान्याला नाही मिळत. पीएम सूर्यघर योजनेतली ती कमाल रक्कम आहे, ३ किलोवॅट आणि त्यापुढच्या सोलरला, तीही फक्त घरगुती मीटरवर. कारखान्याच्या पत्र्यावर सोलर बसवलं तर वीजबिल उतरतं आणि आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. मात्र त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. मार्चमध्ये "टॅक्स वाचवायचाय, पटकन बसवा" म्हणत येणाऱ्या शेठ लोकांनी एकदा सीएंना फोन करावा.

आता मोटरींचं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने जुलै २०२५ मध्ये 'अदिती' योजना सुरू केली. वीज वाचवणाऱ्या मशिनरीसाठी कर्ज काढलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. हातात रोख काही येत नाही. पहिल्या टप्प्यात १४ क्षेत्रं आणि ६० क्लस्टर (एकाच भागातले एकाच धंद्याचे उद्योगसमूह) आहेत, अन्नप्रक्रिया आणि वस्त्रोद्योग त्यात आहेत. तुमचा कारखाना त्यात बसतो का, ते पाहायला उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) घेऊन या, पोर्टलवर तुमच्यासमोरच पाहू.

गाडी अडते ती पुढे. योजनेत आधी ऊर्जा ऑडिट होतं आणि नव्या मशिनरीने बचत किती होणार, ते जुन्या मशिनरीच्या मोजमापावरून ठरतं. आमचे ग्राहक काय करतात? मोटर जळली की नवी बसवतात, जुनी भंगारवाल्याला देतात आणि मग विचारतात, "आता सबसिडीचं काय?" जुनी मोटर किती युनिट खात होती याचा पुरावा तर भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेला! ऑडिटर मोजणार कशाशी? अशा वेळी बिलावर वेगळी तारीख टाकून मागणारेही आहेत. ते आम्ही करत नाही. जीएसटीत बिल चढल्यावर तारखेशी खेळ म्हणजे तुमच्याही गळ्याशी येणारी गोष्ट.

म्हणून आम्ही मोटर उतरवण्याआधी चालू लोडवर रीडिंग घेतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, "समोरचा दुकानदार संध्याकाळपर्यंत बसवून देतो" असंही ऐकवतात. बसवतो खरा. पण पाच-सहा वेळा रिवाइंड झालेली, म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळलेली मोटर पाटीवरच्या आकड्याप्रमाणे वीज खात नाही, आणि ते क्लॅम्प मीटर लावल्याशिवाय कळत नाही. मोटर रिकामी फिरवून घेतलेलं रीडिंगही कामाचं नाही. जिनिंगवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं: सीझन संपल्यावर, जिनिंगला कुलूप असताना मे-जूनमध्ये बोलावलंत, तर आम्ही येऊन चहा पिऊन जाऊ, एवढंच. कापूस चालू असताना बोलवा. दालमिललाही हाच हिशोब.

औपचारिक ऑडिट रिपोर्ट आम्ही देत नाही, ते काम प्रमाणित ऑडिटरचं. आमचं रीडिंग एवढ्यासाठी की ऑडिटला जाण्याआधी तुम्हाला अंदाज यावा. बचत दिसत नसेल तर तसं सांगतो. मोटर विकायची म्हणून आकडा फुगवत नाही. मोटर आमच्याकडूनच घेतलीत तर रीडिंगचे पैसे बिलातून वजा करतो. आमचा दर थोडा चढा वाटेल, पण त्यात आयई३ (कमी वीज खाणाऱ्या दर्जाची) मोटर, बसवणं आणि बसवल्यानंतरचं रीडिंग धरलेलं असतं.

मोटर जळालीच आणि काम थांबवता येत नसेल तर काम थांबवू नका, नवी लावा. बाकीच्या मोटरी मात्र मोजून होईपर्यंत हलवू नका.

येताना उद्यम प्रमाणपत्र, बारा महिन्यांची लाइट बिलं आणि प्रत्येक मोटरीच्या पाटीचा फोटो आणा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. लाइट बिल वडिलांच्या नावावर आणि उद्यम मुलाच्या फर्मच्या नावावर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, बँकेत तिथेच अडकतं. पाटीवर ऑइलपेंट मारलेला असेल तर थिनरने पुसून मगच फोटो काढा.