गांजातला गुलाबी वास आणि खानदेशचे रोशा गवत

गांजाच्या वासाची चर्चा बहुधा मिरसीन, लिमोनीन, पिनीन या वासाच्या द्रव्यांपाशीच थांबते. काही वाणांच्या फुलोऱ्याला मात्र गुलाबपाकळीचा, किंचित लिंबाच्या सालीकडे झुकणारा वास येतो. तो जेरॅनिऑलचा. तपासणीच्या तक्त्यात हे द्रव्य फार खाली असते, कधी नुसते नावापुरते. पण जगाला त्याची ओळख झाली ती आपल्याकडच्या एका रानगवतामुळे, आणि त्या गवताचे तेल परदेशी जायचे ते मुंबई बंदरातून.

ते गवत म्हणजे रोशा. 1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या रोशाच्या तेलातून जेरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळे केले. युरोपच्या बाजारात या गवताला जिरेनियम गवत म्हणत, तेच नाव द्रव्याला चिकटले. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) जाई, म्हणून त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' असेही म्हणत. तिकडे लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळायचे, उन्हात ठेवून रंग फिका करायचे आणि बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात मिसळायचे. भेसळ इतकी बेमालूम जमे, कारण गुलाबतेलातही जेरॅनिऑल असतेच.

खानदेशातल्या जुन्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आले की कापायचे, हंड्यात पाण्यासह भरायचे, झाकण लिंपायचे आणि बांबूच्या नळीतून वाफ ओढ्यात ठेवलेल्या भांड्यात न्यायची. पाणी कमी पडले की तळचे गवत करपते आणि तेलाला जळका वास लागतो. तो मग जात नाही. दुसरी चूक कापणीतली. रोशात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार असतात, दिसायला जवळजवळ सारखे. मोतियाच्या तेलात जेरॅनिऑल साधारण 75 ते 90 टक्के, सोफियात पुष्कळ कमी. भाऱ्यात दोन्ही मिसळले की गुलाब मागे पडतो आणि गवताचा तिखट वास वर येतो.

गांजाच्या झाडात याच रेणूचे भावंड मोठे काम करते. फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत जेरॅनिल पायरोफॉस्फेट तयार होते. त्यातूनच लिमोनीन, मिरसीन, लिनालूल बनतात. तेच ऑलिव्हेटॉलिक आम्लाशी जोडले गेले की कॅनाबिजेरॉलिक आम्ल, आणि पुढे त्यापासून टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) व सीबीडी (नशा न आणणारे) यांची आम्लरूपे. 1964 मध्ये गाओनी आणि मेशुलाम या इस्रायली संशोधकांनी गांजाच्या झाडातून वेगळ्या केलेल्या कॅनाबिजेरॉलच्या नावातले 'जेर' इथलेच. आम्हाला या द्रव्याचे खरे महत्त्व इथे दिसते, गांजाच्या मालाच्या वेष्टनावर वासाबद्दल लिहिलेल्या 'शांत करणारा' या शब्दात नव्हे.

परिणामांबद्दल म्हणूनच जपून बोलावे. जेरॅनिऑलने दाह कमी होतो हे दिसले आहे ते मुख्यतः पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत, तेही फुलोऱ्यातल्या अंशमात्र प्रमाणापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत. डास दूर ठेवण्याचा गुण मात्र पक्का आहे. त्वचेची ॲलर्जीही तितकीच पक्की: युरोपीय संघात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात जेरॅनिऑल 0.001 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते वेष्टनावर लिहावेच लागते. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेला अधिक झोंबते, म्हणून बाटली गच्च भरलेली आणि अंधारात हवी.

हा वास ओळखायला गांजा लागत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार फुलोरा म्हणजेच गांजा, आणि 1 किलोपर्यंतच्या अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रोशाचे तेल मात्र उघड विकले जाते. मोहम्मद अली रोडच्या अत्तरवाल्यांकडे विचारून पाहावे. घेताना एक मिली तेल तीन मिली 70 टक्के अल्कोहोलमध्ये ढवळावे. चांगले तेल स्वच्छ विरघळते, खोबरेल मिसळलेले गढूळ होते. मग एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून ठेवावा. आधी लिंबाचा चटका जातो, गुलाब बराच वेळ टिकतो. वास पूर्ण उडाल्यावरही कागदावर तेलकट डाग उरला, तर खोबरेल किंवा तसलेच दुसरे न उडणारे तेल त्यात आहे.