यंत्र अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमाची आखणी

यंत्र अभियांत्रिकीच्या, म्हणजे रोजच्या भाषेत मेकॅनिकलच्या, पदवीसाठी कोणते विषय, कोणत्या क्रमाने, किती तास आणि किती खोलात शिकवायचे हे ठरवण्याचे काम. ही पदवी बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार वर्षांची असते. विषयांची यादी करणे हा त्यातला सोपा भाग. जगभरच्या याद्या एकमेकींशी बऱ्याच जुळतात. कस लागतो तो क्रम लावताना, आणि त्याहून जास्त काय वगळायचे ते ठरवताना.

गाभा आणि क्रम : अभ्यासक्रमाच्या गाभ्यात दोन धारा असतात. एक बलाची : स्थितिकी, गतिकी, पदार्थांचे बल (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), थिअरी ऑफ मशीन्स, कंपने आणि शेवटी मशीन डिझाइन. दुसरी उष्णतेची : थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, उष्णता संक्रमण आणि त्यांवर उभी असलेली इंजिने, टर्बाइन, प्रशीतन यंत्रे. पदार्थविज्ञान (म्हणजे इथे मटेरियल सायन्स, भौतिकशास्त्र नव्हे), उत्पादन प्रक्रिया, मापनशास्त्र, विद्युत आणि नियंत्रण प्रणाली हे विषय दोन्हींना लागतात. गणित तर सगळ्यांच्याच मुळाशी असते.

या विषयांचे परस्परांवर किती ओझे आहे ते एका साध्या शाफ्टवरून दिसते. दोन बेअरिंगांवर टेकलेला, मध्ये गिअर बसवलेला शाफ्ट घेऊ. गिअरवरून येणारी बले आणि बेअरिंगांच्या प्रतिक्रिया काढायला स्थितिकी लागते. त्या बलांनी शाफ्ट किती वाकतो, किती पिळला जातो आणि आत किती ताण येतो, हे पदार्थांच्या बलाच्या विषयात येते. व्यास जिथे बदलतो त्या खांद्याशी ताण एकवटतो. फिरत्या शाफ्टवर तिथला पृष्ठभागाचा बिंदू आत्ता ताणला जातो, अर्ध्या फेरीने दाबला जातो. म्हणून शाफ्ट एका झटक्यात नव्हे, तर लाखो फेऱ्यांनंतर तुटू शकतो. या शिणवट्याचा, म्हणजे फटीगचा, पाया पदार्थविज्ञानात घातलेला असावा लागतो. शाफ्टचा क्रांतिक वेग, म्हणजे ज्या वेगाला तो जोरात थरथरू लागतो तो, कंपनांत भेटतो, बेअरिंगच्या जागेची टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मापनशास्त्रात, ती कागदावर मांडायची रीत ड्रॉइंगमध्ये आणि खांद्याची गोलाई लेथवर कशी काढतात ते वर्कशॉपमध्ये. एवढे झाल्यावरच मशीन डिझाइनला अर्थ येतो. क्रेडिटचे, म्हणजे प्रत्येक विषयाच्या कामाचे वजन सांगणाऱ्या एककांचे, तक्ते मांडण्याआधी असा एखादा भाग पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत चालवून पाहावा. कुठली कडी निसटली आहे ते लगेच कळते.

निसटते ती बहुधा गणिताची. फ्लुइड मेकॅनिक्सच्या फळ्यावर आंशिक अवकलजे (पार्शल डेरिव्हेटिव्ह) आलेली असतात आणि गणिताच्या तासाला ती यायला अजून महिना असतो. मग फ्लुइडचे शिक्षक आपल्या तासांतून गणित शिकवतात आणि सीमास्तराचे, म्हणजे पृष्ठभागालगतच्या प्रवाहाच्या पातळ थराचे, प्रकरण परीक्षेच्या तोंडावर उरकले जाते. कंपनांचेही तेच : दुसऱ्या कोटीचे अवकल समीकरण सोडवता येत नसेल, तर डँपिंग, म्हणजे कंपन हळूहळू शमणे, हा नुसता पाठ करायचा शब्द उरतो. उलट, पूर्वअटींची साखळी फार घट्ट बांधली तर एका विषयात अडकलेल्या विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष जाते. म्हणून पुढच्या विषयाला बसण्यासाठी आधीचा विषय उत्तीर्ण हवा की नुसता केलेला चालेल, हे जोडीजोडीने ठरवावे लागते.

तास आणि क्रेडिट : युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ वर्षाचे 60 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचे काम, त्यात घरचा अभ्यासही आला. इतरत्र आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक क्रेडिट आणि प्रयोगशाळेचे दोन-तीन तास मिळून एक, अशी मोजणी रूढ आहे. या दुसऱ्या हिशेबात प्रयोगशाळा वेळापत्रकात जागा जास्त अडवते आणि गुणपत्रकात कमी दिसते. कपातीची वेळ आली की पहिली नजर तिच्याकडे जाते, ते यामुळेच.

वर्कशॉप की शास्त्र : हा वाद जुना आहे. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-वोस यांनी कारखान्यातले काम सोपे ते अवघड अशा सरावांत फोडून शिकवण्याची पद्धत बसवली. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती अमेरिकी शिक्षकांनी पाहिली आणि उचलली. पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षणावरच्या 1955 च्या ग्रिंटर अहवालाने घन पदार्थांचे यामिक, द्रव यामिक, थर्मोडायनॅमिक्स, संक्रमण प्रक्रिया (उष्णता, वस्तुमान इत्यादींचे वहन), विद्युत सिद्धांत आणि पदार्थांचे गुणधर्म ही सहा अभियांत्रिकी शास्त्रे गाभ्याला ठेवली. वर्कशॉप आणि ड्रॉइंगचे तास आटत गेले. 2000 च्या सुमारास अमेरिकेतले एमआयटी विद्यापीठ आणि स्वीडनमधल्या तीन विद्यापीठांनी संकल्पना, रचना, निर्मिती आणि प्रत्यक्ष चालवणे या क्रमाभोवती अभ्यासक्रम बांधण्याचा सीडीआयओ उपक्रम सुरू केला, तो या ओढाताणीतूनच.

फिटिंगचा जॉब कालबाह्य आहे असे सरसकट म्हटले जाते. पण लोखंडी पट्टीची कड कानशीने घासून, गुण्या लावून ती उजेडासमोर धरली आणि फटीतून प्रकाशाची रेघ दिसली, की सपाटपणा म्हणजे काय ते जसे समजते तसे व्याख्येतून समजत नाही. मात्र त्यासाठी दोन-तीन जॉब पुरतात. अख्खे सत्र लागत नाही.

मान्यता : 1989 मध्ये सहा देशांतल्या मान्यता संस्थांनी, म्हणजे पदव्यांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांनी, वॉशिंग्टन करार करून एकमेकांनी मान्य केलेल्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानल्या. पदवीनंतर विद्यार्थ्याला काय करता येते, म्हणजे शिक्षणाची फलिते कोणती, हा प्रश्न नंतर या चौकटीच्या मध्यभागी आला. अमेरिकेतली एबेट ही संस्था गणित आणि मूलभूत विज्ञानासाठी किमान 30, तर अभियांत्रिकी विषयांसाठी किमान 45 सत्र-क्रेडिट मागते. मेकॅनिकलसाठी उष्णतेच्या आणि यंत्रांच्या, दोन्ही बाजू अभ्यासक्रमात असणे आवश्यक धरते. फलिते लिहिण्याची ही शिस्त चांगली आहे, पण कोणत्या विषयातून कोणते फलित साधते ते दाखवणारे तिचे जाळीदार तक्ते मान्यतेच्या परीक्षकांच्या भेटीपुरते भरले जातात तेव्हा ते निव्वळ कागदकाम होते. प्रश्नपत्रिकेत गणिते तीच राहिली, तर फलितांची भाषा बदलून वर्गात काही बदलत नाही.

नवे विषय आणि बदल : प्रोग्रॅमिंग, मेकाट्रॉनिक्स (यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची जोड), थ्रीडी प्रिंटिंग, विद्युत वाहने, डेटाचे विश्लेषण असे प्रस्ताव प्रत्येक फेरीत येतात, ‘हा विषय काढा’ असा प्रस्ताव मात्र क्वचितच येतो, कारण प्रत्येक जुन्या विषयामागे एक शिक्षक आणि एक प्रयोगशाळा उभी असते. स्वतंत्र विषय वाढवण्यापेक्षा नवे साधन जुन्या विषयात मुरवणे सहसा बरे पडते : कंपनांची समीकरणे संगणकावर सोडवून घेतली, तर प्रोग्रॅमिंगचा सरावही होतो. विशेषीकरण शेवटच्या दीड-दोन वर्षांतल्या ऐच्छिक विषयांवर सोडतात आणि शेवटी प्रकल्प ठेवतात.

नवा आराखडा सहसा पहिल्या वर्षापासून, दरवर्षी एक पायरी, असा लागू होतो. त्यामुळे काही वर्षे दोन अभ्यासक्रम शेजारी चालतात. जुन्यातले विषय राहिलेल्यांसाठी समकक्ष विषयांचा तक्ता आधीच करून ठेवावा लागतो. जुना एक विषय नव्यात दोन ठिकाणी विभागला गेला असेल, तर त्या विद्यार्थ्याने कुठल्या वर्गात बसायचे आणि कुठला पेपर द्यायचा, हे त्या तक्त्यातच लिहिलेले असावे लागते.